कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत भाड्याचं घर बघतोय, पण तिथल्या पब्लिक एलिमेंटरी (सरकारी प्राथमिक) शाळेचं रेटिंग १० पैकी ५ आहे. घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन येताय, मुलगी दुसरीत जाईल, ऑफिसजवळचं घर पसंत आहे, पण शाळेला ५ मिळालेत, निम्म्याहून जास्त मुलं हिस्पॅनिक (मूळच्या स्पॅनिशभाषक देशांतल्या घरांतली) आहेत आणि सहकारी म्हणतात '९ च्या खाली बघूच नका'. हा सल्ला इथे प्रत्येकाला मिळतो. शनिवारी मुलांना मराठी शाळेत सोडलं की पार्किंगमध्ये पालकांचा दुसरा विषय नसतो.

माझं मत: नुसत्या ५ वर घर सोडू नका. तो आकडा शाळेत किती शिकवतात यापेक्षा शाळेच्या आसपास कोण राहतं हे जास्त सांगतो.

घरांच्या साइटवर दिसणारं रेटिंग बहुतेक वेळा ग्रेटस्कूल्स या संस्थेचं असतं, आणि त्याचा मोठा भाग राज्याच्या परीक्षेतून येतो. ही परीक्षा तिसरीपासून सुरू होते. म्हणजे पाचवीपर्यंतच्या शाळेचे गुण फक्त तिसरी, चौथी, पाचवीच्या मुलांचे. तुमची मुलगी पहिलं वर्षभर त्यात नसेलच. छोट्या शाळेत एका इयत्तेत साठ मुलं धरली, तर पाच-सहा मुलं इकडची तिकडे झाली की त्या इयत्तेची टक्केवारी चांगलीच हलते.

ज्या घरात आईवडील दोघं इंजिनिअर, संध्याकाळी गणिताचा क्लास, शिवाय भारतातून आलेली आजी पाढे घेतेय, त्या घरातल्या मुलाचे गुण शाळेच्या खात्यावर जमा होतात. ९ वाल्या शाळांत अशी घरं भरपूर. स्टॅनफर्डच्या एज्युकेशनल ऑपॉर्च्युनिटी प्रोजेक्टने देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या गुणांचा अभ्यास केलाय. सरासरी गुण आणि घरची आर्थिक स्थिती हातात हात घालून चालतात, पण मुलं वर्षागणिक किती पुढे सरकतात याचा श्रीमंतीशी संबंध बराच सैल आहे. गरीब वस्तीतल्या काही शाळा मुलांना झपाट्याने पुढे नेतात आणि काही नामवंत शाळा जिथल्या तिथे राहतात.

मग बघायचं काय? कॅलिफोर्नियाच्या शिक्षण खात्याच्या साइटवर प्रत्येक शाळेचे निकाल गटागटाने उघडता येतात: वंश, लो-इन्कम (कमी उत्पन्नाच्या घरातली), इंग्लिश लर्नर (घरची भाषा वेगळी, इंग्रजी अजून शिकणारी), अपंगत्व असलेली मुलं. एकूण बेरीज सोडा, तुमच्या घरासारख्या घरातल्या मुलांची ओळ शोधा. मी आमच्या मुलाच्या शाळेचं पान असंच वाचलं होतं. शाळेची एकूण टक्केवारी बेताची, पण लो-इन्कम नसलेल्या मुलांची ओळ शेजारच्या 'भारी' शाळेच्या तोडीची होती. एखाद्या गटात दहा किंवा त्याहून कमी मुलं असली तर तिथे आकड्याऐवजी चांदणी दिसते. त्यातून भलते अर्थ काढू नका. आणि 'एशियन' या एका ओळीत आपण, चिनी, व्हिएतनामी सगळे एकत्र असतो, हेही ध्यानात ठेवा.

सगळ्यात जास्त गैरसमज इंग्लिश लर्नरच्या ओळीबद्दल. ती कायम खालीच दिसणार, कारण ज्या मुलाचं इंग्रजी पक्कं झालं ते त्या गटातून बाहेर पडतं. हुशार मुलं दरवर्षी बाहेर, नवी मुलं आत. त्यामुळे या ओळीपेक्षा किती मुलं गटातून बाहेर पडली ते विचारा.

तुमची मुलगीसुद्धा या गटात जाऊ शकते. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म येतो. त्यात मराठी लिहिलंत तर पहिल्या ३० दिवसांत तिची इंग्रजीची चाचणी होते. आपले बरेच पालक घाबरून 'इंग्लिश' ठोकून देतात. मला ते पटत नाही. चाचणीत मूल पास झालं तर विषयच संपला, नाही झालं तर शाळेला जास्तीची मदत द्यावी लागते.

पैशाचंही तसंच. २०१३ पासून कॅलिफोर्नियात लो-इन्कम, इंग्लिश लर्नर आणि फॉस्टर (आईवडिलांऐवजी सरकारने नेमलेल्या कुटुंबात वाढणाऱ्या) मुलांमागे स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, मूळ अनुदानाच्या २० टक्के जास्त मिळतात, आणि अशी मुलं ५५ टक्क्यांच्या वर गेली की त्यावर आणखी. म्हणून ५ वाल्या शाळेत कधी कधी वाचनासाठी वेगळी शिक्षिका असते आणि ९ वाल्या शाळेत त्याच कामासाठी पालकांकडून वर्गणी गोळा होते.

मी स्वतः कशाला घाबरेन? गैरहजेरीला. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा जास्त दिवस न येणाऱ्या मुलांचं प्रमाण कॅलिफोर्निया स्कूल डॅशबोर्ड या राज्याच्या साइटवर असतं. ते खूप असेल तर वर्गात शिक्षिकेचा वेळ मागचंच परत शिकवण्यात जातो. (नाताळच्या सुट्टीला आणखी चार आठवडे जोडून भारतात जाणारी आपली मुलंही याच यादीत येऊ शकतात, बरं का.) दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षक टिकतात का. ते साइटवर नीट कळत नाही. शाळा दाखवायला नेतील तेव्हा दुसरीच्या शिक्षिकेलाच विचारा, इथे किती वर्षं आहात म्हणून.

सगळ्याच ५ वाल्या शाळा चांगल्या, असं मी म्हणत नाही. तुमच्यासारख्या घरांची ओळही खाली असेल, गैरहजेरी जास्त असेल आणि गुण वर्षानुवर्षं घसरत असतील, तर खुशाल दुसरीकडे बघा.

आणि लीजवर सही करण्याआधी एक काम करा. सॅन होजेत एकच स्कूल डिस्ट्रिक्ट नाही, डझनाहून जास्त आहेत, आणि रस्त्याच्या एका बाजूची शाळा वेगळी, समोरच्या बाजूची वेगळी असं सर्रास होतं. घरमालक किंवा एजंट सांगतो त्यावर जाऊ नका. घराचा पूर्ण पत्ता डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाकून बघा, मग शाळेच्या ऑफिसला फोन करून दुसरीत जागा आहे का ते विचारा. वर्ग भरलेला असेल तर हद्दीत राहूनही मुलीला दुसऱ्या शाळेत पाठवू शकतात.