'नो मोअर दॅन' की 'नॉट मोअर दॅन'?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एकाने विचारलंय : "'नो मोअर दॅन' आणि 'नॉट मोअर दॅन' या दोन्हींचं मराठी 'पेक्षा जास्त नाही' असंच होतं. मग परीक्षेत फरक का विचारतात?"

मराठीत दोन्ही एकाच साच्यात बसवतो, म्हणून घोळ होतो. 'नॉट' सगळं विधान नाकारतं. 'नो' दोघांतला फरकच नाकारतं. 'संभा इज नॉट टॉलर दॅन बाळू' म्हटल्यावर संभा बाळूहून उंच नाही एवढंच कळतं. तो बाळूएवढा असेल, नाहीतर वीतभर बुटकाही असेल. 'नो टॉलर' म्हटलं, की तो बाळूहून तसूभरही उंच नाही, म्हणजे बहुधा दोघं सारखेच.

'बेटर' आलं की सूरही बदलतो. 'धिस मिसळ इज नॉट बेटर दॅन दॅट वन' यात ती दुसरी मिसळ फक्कड असू शकते, हीसुद्धा बरी असू शकते. 'नो बेटर' म्हटलं की दोन्हींना नावं ठेवली. आपल्याकडचं 'उडदामाजी काळे-गोरे' तेच.

आकड्यांत हा सूर आणखी स्पष्ट होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. 'नॉट मोअर दॅन ३९ फीट' म्हणजे जास्तीत जास्त ३९. पाणी ३० फुटांवरही असेल. 'नो मोअर दॅन ३९ फीट' म्हणजे 'फक्त ३९', आणि पावसाळ्यात कोल्हापुरातला माणूस ३९ ला 'फक्त' म्हणायचा नाही! तो 'नो लेस दॅन ४३ फीट' म्हणेल : तब्बल ४३. 'नॉट लेस दॅन ४३' म्हणजे निदान ४३, वर कितीही.

पण 'नो मोअर दॅन' दिसलं की डोळे झाकून 'फक्त' लिहू नका. नियमात किंवा सूचनेत हा फरक पुसला जातो. 'राइट नो मोअर दॅन १५० वर्ड्स' आणि 'नॉट मोअर दॅन १५० वर्ड्स' दोन्हींत मर्यादा तीच. 'फक्त'चा अर्थ घडलेली गोष्ट सांगताना येतो.

'अ बॅट इज नो मोअर अ बर्ड दॅन अ डॉग इज' ही रचना मात्र वेगळी. 'वटवाघूळ कुत्र्यापेक्षा जास्त पक्षी नाही' हे भाषांतर हास्यास्पद. कुत्रा जसा पक्षी नाही, तसंच वटवाघूळही नाही, नकार दोघांनाही. दुसऱ्या भागात 'नॉट' नसतं, म्हणून पोरं तिथे होकार समजतात आणि गुण घालवतात.

'चेंज द डिग्री'मध्ये, म्हणजे अर्थ न बदलता तुलनेचं रूप बदलायच्या प्रश्नात, जास्त गुण जातात ते इथे : 'संभा इज नॉट टॉलर दॅन बाळू' याचं 'बाळू इज टॉलर दॅन संभा' करतात. चूक. बरोबरीची शक्यता उरते, म्हणून 'बाळू इज ॲट लीस्ट ॲज टॉल ॲज संभा'. 'संभा इज नॉट ॲज टॉल ॲज बाळू' असेल तर मात्र 'बाळू इज टॉलर' चालतं, कारण तिथे बरोबरीच नाकारली आहे. या वाक्यात 'नॉट ॲज' ऐवजी 'नॉट सो' लिहिलं तरी अर्थ तोच; नकारात 'सो'च हवं हा जुन्या व्याकरणांचा आग्रह आता उरलेला नाही.