'कंडेन्सेट'ला 'संघनित' म्हणावं का?

सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. डाइंगच्या कारखान्यात वाफ थंड होऊन बॉयलरकडे परत येतं ते पाणी 'कंडेन्सेट', आणि थराथरांच्या अतिसंवाहकांबद्दल (पुरेसे थंड केले की वीज बिनरोध वाहू देणाऱ्या पदार्थांबद्दल) वाचतानाही 'कंडेन्सेट'च भेटतो. दोन्हींना 'संघनित' चालेल का?

पाण्याला खुशाल चालेल. वाफेचं पाणी होताना तेवढंच वस्तुमान कितीतरी कमी जागेत मावतं, म्हणजे 'संघनित'मधला 'घन', म्हणजे दाट, तिथे खरा ठरतो. भूगोलातलं 'सांद्रीभवन'ही तेच सांगतं. अतिसंवाहकात मात्र काहीच दाट होत नाही. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि त्या सगळ्या एकाच पुंज (क्वांटम) अवस्थेत येतात. जागा तेवढीच, इलेक्ट्रॉन तेवढेच. त्यामुळे नुसतं 'संघनित' वाचून गोठलेला पदार्थ डोळ्यांपुढे येतो. मी 'संघनित अवस्था' लिहीन आणि पहिल्या वेळी 'सर्व जोड्यांची एकच अवस्था' असा खुलासा जोडीन.

खरी फसगत पुढच्या शब्दात आहे. या अवस्थेला 'फेज' असतो. त्याचं 'प्रावस्था' करू नका, ती बर्फ-पाणी-वाफेची. इथे हवी 'कला', म्हणजे लाट तिच्या चढउतारात कुठे आहे ते. भौतिकशास्त्रज्ञ जोसेफसनने १९६२ मध्ये गणिताने भाकीत केलं की दोन अतिसंवाहकांमधल्या पातळ अडथळ्यातून विद्युतदाबाशिवायही प्रवाह जातो आणि तो किती, हे कलांतरावर, म्हणजे दोन्हीकडच्या कलांमधल्या फरकावर, ठरतं. बिस्मथच्या तांबे-ऑक्साइडात, या थराथरांच्या अतिसंवाहकात, असे अडथळे स्फटिकातच रचलेले असतात. तांबे-ऑक्साइडाच्या जोडथरांची चवड, दर दीड नॅनोमीटरला एक. चिकटपट्टी लावून ओढली की त्याचा पापुद्रा निघतो.

म्हणून दिशेचे शब्दही नेमके हवेत. 'आडवं' आणि 'उभं' वहन लिहिलंत तर सोलापुरी विणकर बाणा आणि ताणा समजेल, आणि ते दोन्ही एकाच चादरीत असतात. इथला फरक एका चादरीतून जाणं आणि चादरींची चवड ओलांडणं असा आहे. 'थरातून' आणि 'थरांपार' म्हणा. साध्या स्थितीत, म्हणजे अतिसंवाहक होण्याआधी, थरांपारचा रोध थरातल्यापेक्षा हजारो पट असतो, आणि थंड करताना थरातला उतरत असताना थरांपारचा बहुधा चढतो. ९० केल्विनच्या आसपास थरांच्या कला एकमेकींशी जुळल्या की दोन्ही शून्यावर येतात. पण थरांपार प्रवाह जरा वाढवला, की विद्युतदाब पुन्हा दिसू लागतो.

आणि 'इलेक्ट्रिकल ट्रान्सपोर्ट'चं 'विद्युत परिवहन' नको. त्याने विजेवरची बस आठवते. 'विद्युतवहन' पुरे.