व्हॉल्व्ह सकाळी अडकतो, गरम झाल्यावर सुटतो

प्रश्न: माझी जुनी छोटी कार आहे, चार सिलिंडर, कार्बोरेटरवाली. मधे सहा महिने उभीच होती. आता रोज सकाळी सुरू केली की पहिली पाच मिनिटं मिसिंग मारते, अख्खी गाडी थरथरते, कार्बोरेटरमधून फटफट आवाज येतो आणि गरम झाली की एकदम नीट चालते. प्लग, वायरी बदलल्या, कार्बोरेटर साफ केला. गॅरेजला नेईपर्यंत गरम होते म्हणून काही सापडत नाही, आता मेकॅनिक म्हणतो हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह बसतात) उतरवू. उतरवू का?

उत्तर: इतक्यात नको. तुमच्या वर्णनावरून इनटेकचा (पेट्रोल-हवा आत घेणारा) एखादा व्हॉल्व्ह गाइडमधे, म्हणजे त्याची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यात, अडकतोय असं वाटतं. पेट्रोल पडून राहिलं की त्याचा चिकट थर होतो, तो व्हॉल्व्हच्या दांडीवर बसतो, थंडपणी कडक असतो आणि इंजिन तापलं की मऊ पडतो, म्हणून पाच मिनिटांत सगळं ठीक. फटफट कार्बोरेटरमधून येतेय म्हणून इनटेक म्हणतोय, सायलेन्सरमधून आली असती तर आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे (धूर बाहेर सोडणारा) बघितलं असतं.

सगळ्यात महत्त्वाचं, तपासणी थंड इंजिनवरच व्हायला हवी. गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला ठेवा. सकाळी सुरू करून इन्सुलेटेड पक्कडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढून बघायची, जी काढल्यावर इंजिनला काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. मग लगेच, गरम व्हायच्या आत, चारही प्लग काढून कॉइलचं कनेक्शन सोडून थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, स्टार्टर मारून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजने घ्या. चांगल्या पेट्रोल इंजिनला साधारण १५० ते १७५ पीएसआय येतं, पण आकड्यापेक्षा चौघांमधला फरक बघा. एकच खूप खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. वाढलं तर पिस्टनच्या रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचं गास्केट. तोच सिलिंडर गरम झाल्यावर बरोबरीला आला की दोष अडकणाऱ्या व्हॉल्व्हचाच, गास्केट सहसा असं रोज जुळत नाही.

आता टॅपेट कव्हर उघडा. अडकलेल्या व्हॉल्व्हची स्प्रिंग दबलेलीच राहते आणि त्याचा रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा छोटा दांडा) ढिला लागतो. दांडीवर पेनिट्रेटिंग ऑइलचे थेंब सोडा, मुरू द्या आणि इंजिन पान्याने हाताने फिरवा. तो सुटेपर्यंत स्टार्टर अजिबात मारू नका, खाली राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आपटला तर व्हॉल्व्ह वाकतो, पुशरॉडवाल्या (रॉकरला खालून ढकलणारी दांडी असलेल्या) इंजिनात रॉडही वाकू शकतो. सुटला की टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा, इंजिन ऑइल बदला, नाहीतर महिन्याभरात परत तेच.

परत अडकला तरी हेड लगेच नको. प्लगच्या भोकातून स्वच्छ सुती दोरी आत सोडायची, शेवटचं टोक बाहेर ठेवून, आणि पिस्टन हाताने वर आणायचा, दोरी व्हॉल्व्हला खालून धरून ठेवते. मग स्प्रिंग काढता येते. त्यानंतर दांडीच्या टोकाला रबरबँड गच्च गुंडाळा म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरमधे पडणार नाही, दोरी काढा, पिस्टन खाली न्या, व्हॉल्व्ह थोडा खाली ढकलून दांडी पुसा, फिरवत वरखाली करा. दांडीवरचं ऑइल सील नवीनच टाका आणि शेवटी टॅपेट गॅप (रॉकर आणि दांडीमधली फट) मॅन्युअलप्रमाणे लावा.

एवढं करूनही व्हॉल्व्ह घट्टच फिरला तर दांडी वाकलीय किंवा गाइड खराब आहे. तेव्हा हेड उतरवा, आणि वाकलेला व्हॉल्व्ह घासून परत बसवू देऊ नका.