खरं तेच लिहिलं, मग मीच का जायचं?

प्रश्न : मावशी, गेल्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. खर्च तिघा भावांनी वाटून घ्यायचं ठरलं होतं. धाकट्या भाऊजींचे २८,००० आलेच नाहीत. चार महिने वाट पाहून मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिशेब टाकला आणि खाली लिहिलं, 'एकाचे बाकी आहेत.' नाव घेतलं नाही, पण १९ जणांना कळायचं ते कळलं. भाऊजी त्याच रात्री ग्रुपमधून बाहेर पडले. तेव्हापासून येणं-जाणं बंद. सासूबाईंना फोन करतात, तोही मी कामावर असताना. मी खोटं काहीच लिहिलं नाही. चूक त्यांची, मग मीच का जायचं? ते ठाण्यात कोपरीला राहतात, सोमवारी सुट्टी असते.
– एक वाचक, घणसोली

उत्तर : ताई, तुमचा हिशेब खरा आहे, त्याबद्दल मला शंका नाही. मी अडले ती त्या १९ जणांपाशी.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशू क्रमच लावून देतो. भावाने तुझा अपराध केला तर जा, दोघंच असताना त्याला सांग. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर ने. तरीही नाही, तर मंडळीला, म्हणजे जमलेल्या सगळ्या विश्वासू लोकांना सांग. तुमचा ग्रुप ही तुमच्या घरची मंडळीच. पहिल्या दोन पायऱ्या सोडून तुम्ही एकदम तिसरीवर चढलात. भाऊजींना एकट्याला विचारलं असतंत तर पैसे का राहिले हे त्यांनी सांगितलंही असतं. सगळ्यांदेखत कोण सांगेल?

आता कोणी जायचं ते. मत्तयाच्याच ५व्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. दोन्ही वचनं शेजारी ठेवून वाचा. एका ठिकाणी चूक समोरच्याची, दुसऱ्या ठिकाणी दुखावलेला समोरचा. 'जा' मात्र दोन्हीकडे ऐकणाऱ्यालाच सांगितलंय. आणि ऐकणारे गालीलातले, वेदी यरुशलेमेत, पायी तीन-एक दिवसांची वाट! तुम्हाला लोकलने रबाळे, ऐरोली, दिघा गाव, की आलंच ठाणे.

मी स्वतः यात सहा वर्षं घालवली आहेत. आईच्या पाटल्यांवरून थोरल्या भावाशी अबोला धरला होता. एका मे महिन्यात मसाला कुटून झाल्यावर त्यातली एक बाटली घेऊन कळव्याला गेले. जिना चढताना काय बोलायचं ते घोकत होते. दार त्यानेच उघडलं, माझ्याकडे न बघता म्हणाला, "चपला आत काढ, कुत्रा नेतो." घोकलेलं सगळं तसंच राहिलं. पाटल्यांचा विषय दुसऱ्या भेटीत निघाला आणि तो जडच गेला, पण तेव्हा आम्ही एका ताटाशी बसलो होतो.

बायबलमधल्याच नीतिसूत्रे या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात भांडणाच्या सुरुवातीला पाणी फुटण्याची उपमा दिली आहे. घणसोलीच्या खाडीकाठी ज्यांनी भात लावलाय त्यांना विचारा. खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की पुढच्या भरतीच्या आत चिखल थापायचा. राहिलं तर खारं पाणी शेतात.

तेव्हा या सोमवारी जा. यजमानांना पुढे करू नका, मेसेज तुम्ही लिहिला होता. हिशेबाचा कागद घरी ठेवा. एवढंच म्हणा, "भाऊजी, मी ते सगळ्यांसमोर लिहायला नको होतं." 'पण' जोडू नका. ते गप्प राहिले तर चहा घेऊन निघा. दुखावलेला भाऊ तटबंदीच्या नगरापेक्षा जिंकायला कठीण, असंही नीतिसूत्रांतच आहे. एका चहात दार उघडेल असं धरून चालू नका. परत आल्यावर हेच वाक्य ग्रुपवर लिहा, कारण वाचलं १९ जणांनी होतं. २८,००० चं नंतर बघू. आणि निघताना सासूबाईंना विचारा, धाकट्याला काय आवडतं. त्या डबा भरून देतील.