बारा ते चारचा वॉच आणि न लागणारा डोळा

"ब्रिजवर (जहाज चालवतात त्या कक्षात) उभ्या उभ्या डुलकी येते आणि बंकवर पडलं की टक्क जाग. बोट लागायची तर चार दिवसांत थांबली, मग हे काय? समुद्रावरचं काम माझ्याच्यानं होणार नाही का?" प्रशिक्षण जहाजावरच्या एकोणीस वर्षांच्या कॅडेटचा हा प्रश्न. पहिल्या सफरीत थोड्याफार फरकानं बरेच जण हेच विचारतात.

त्याला आधी तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली: वॉच (पहाऱ्याची पाळी), वर्ग, झोप, कॉफी, गोळी, सगळं वेळेसकट. वॉच रात्री आणि दुपारी 12 ते 4. पहाटे 4 ते 9 मोकळा, मग वर्ग. दुपारी 4 नंतर डेकची सफाई आणि रेकॉर्ड बुक (प्रशिक्षणाची नोंदवही), ते साडेसहापर्यंत. रात्री साडेअकराला पुन्हा उठायचं, कारण अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात.

विश्रांतीची बेरीज बरोबर 10 तास, म्हणून कुणाला काही खटकलं नव्हतं. पण व्यापारी जहाजांचा नियम एवढ्यावर थांबत नाही. 24 तासांतले हे किमान 10 तास फार तर दोन तुकड्यांत हवेत आणि त्यातला एक तुकडा सलग 6 तासांचा हवा. याचे दोन्ही तुकडे पाच-पाच तासांचे. त्यातच जेवण, आंघोळ, कपडे. प्रत्यक्ष झोप एका वेळी जेमतेम तीन तास!

गाऱ्हाणं न मांडता तो ही नोंदच घेऊन ट्रेनिंग ऑफिसरकडे गेला. वर्ग साडेदहाला सरकला आणि पहाटेनंतर साडेसहा तास सलग मिळाले.

बाकीचं त्याच्या हातात होतं. कॉफी तो पहाटे तीनला घ्यायचा. साधारण पाच तासांनीही तिचा निम्मा अंमल अंगात उरतो, म्हणून शेवटचा कप रात्री एकच्या आत. बोट लागण्यावरच्या बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते आणि हा अजून रोज वॉचआधी एक घेत होता. जहाजावरची औषधं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला विचारून ती बंद झाली. पोर्टहोलला (केबिनच्या खिडकीला) जाड पडदा. कानात बोळे मात्र नकोत, सात आखूड आणि एक लांब असा धोक्याचा अलार्म ऐकू यायलाच हवा. जहाज डोलतं तेव्हा गादीच्या बाहेरच्या कडेखाली घडी केलेलं ब्लँकेट सरकवावं. अंग भिंतीशी टेकून राहतं, झोपेतही स्वतःला सावरत बसावं लागत नाही.

झोप सुधारली तरी तीन ते चारच्या दरम्यान पेंग येतेच, त्या वेळी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. तेव्हा बसू नये, फेऱ्या माराव्यात. डोळे मिटायला लागले तर वॉचवरच्या अधिकाऱ्याला लगेच सांगावं, लपवू नये.

पुरेसा वेळ मिळूनही आठवडाभर झोप येत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रश्न वेळापत्रकाचा नाही. जीव नकोसा झाल्याचं तर त्याच क्षणी कॅप्टनच्या कानावर घालावं आणि त्या व्यक्तीला एकटं सोडू नये. किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला जहाजावरून रेडिओनं मिळतो.