उत्क्रांतिवादातला ‘वाद’

वाशीहून एका वाचकांनी विचारलं आहे: ‘एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, नावच उत्क्रांतिवाद, म्हणजे शास्त्रज्ञांचाच त्यावर अजून वाद चालू आहे. हे बरोबर का? की उत्क्रांतीचा सिद्धांत म्हणावं?’

ही कोटी मी ठाण्यातल्या सभागृहांतही इतक्यांदा ऐकली आहे की आता चीडच येते. साम्यवाद म्हणजे साम्यावरून हमरीतुमरी का? समासाच्या शेवटचा ‘वाद’ म्हणजे प्रतिपादन. सुटा वादही मुळात भांडण नव्हे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, सत्य शोधायला केलेली चर्चा तो वाद, जिंकण्यासाठी केलेली ती जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती खोडत राहायची ती वितंडा. प्रत्येक प्राणी आहे तसाच निर्माण केला गेला असं मानणाऱ्यांचं बरंचसं बोलणं या तिसऱ्या खणातलं. जीवाश्मांमधली हरवलेली कडी दाखवा म्हणायचं, आणि ती सापडली की तिच्या अलीकडची-पलीकडची मागायची. शास्त्रज्ञांत मतभेद आहेतच, पण ते बदलाचा वेग किती, नैसर्गिक निवडीचा वाटा किती आणि निव्वळ योगायोगाचा किती, यांवर. उत्क्रांती झाली का, यावर नाहीत. २०१८ साली तेव्हाच्या एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनला चूक ठरवलं, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडलं होतं.

पण खरी गंमत ‘वाद’मध्ये नाहीच, ती ‘उत्क्रांती’त आहे.

संस्कृतात उत्क्रांती म्हणजे मरण! उत् अधिक क्रम्, पाऊल उचलून बाहेर पडणं. जीव देहातून निघून जातो ती उत्क्रांती. गीतेच्या पंधराव्या अध्यायात ‘यच्चाप्युत्क्रामतीश्वरः’ आहे ते याच अर्थाने. संक्रांत, पराक्रम आणि महापालिकेचा अतिक्रमण विभाग ही सगळी याच ‘क्रम्’ची भावंडं, सगळ्यांचं पाऊल कुठे ना कुठे पडलेलं.

हे टिळकांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. ‘गीतारहस्या’त (१९१५) त्यांनी या शब्दाचा संस्कृत अर्थ मृत्यू असल्याचं सांगून गुणविकास, गुणोत्कर्ष, गुणपरिणाम असे सांख्य या प्राचीन दर्शनाच्या वळणाचे शब्द सुचवले. लोकमान्यांचं संस्कृत निर्दोष, सूचना मात्र साफ गैरलागू. उत्कर्ष म्हटलं की वर चढणं आलं, आणि जीवसृष्टीला असा जिना नाही. गुहेतल्या माशाचे डोळे जातात, तीही उत्क्रांतीच. हिंदीवाल्यांच्या ‘विकास’ची तीच गत, शिवाय आपल्याकडे तो शब्द पुनर्विकासवाल्यांनी कधीच ताब्यात घेतलाय. बंगालीतल्या ‘विवर्तना’वर तर वेदान्तातल्या विवर्ताची सावली आहे, म्हणजे दोरीचा साप: बदल नुसता भासतो, होत नाही. एवढं तर विरोधकही मागत नसतील.

माझं म्हणणं असं की मरणाचा शब्दच इथे चपखल बसतो. नैसर्गिक निवड म्हणजे अखेर कोण पिल्लं मागे ठेवून गेलं आणि कोण तसंच गेलं याचा हिशेब. आजवर झालेल्या सजीवजातींपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नामशेष झाल्याचा अंदाज आहे. ज्याने हा शब्द निवडला त्याच्या मनात हे असेल असा माझा दावा नाही. त्याने बहुधा ‘उत्’चा ‘वर’ एवढाच अर्थ धरला असावा. पण चुकून का होईना, नेम बरोबर लागला. आणि ‘उत्’चा ‘बाहेर’ हा अर्थही वाया जात नाही, कारण एका वंशातून फुटून निघालेली पावलं भलतीकडे पोचतात. ऐरोलीच्या खाडीत चिखल गाळत उभा असलेला उंच गुलाबी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) घ्या. डीएनए तपासल्यावर त्याची सर्वांत जवळची नातलग निघाली ती करकोचे-बगळे नव्हेत, तर तळ्यात बुड्या मारणारी टिबुकली आणि तिची जातकुळी. नुसतं रूप पाहून हे कोणाला सुचलं असतं?

हां, तुमचा प्रश्न. सिद्धांत जरूर म्हणा. सिद्ध होऊन अंताला पोचलेला तो सिद्धांत, निव्वळ अटकळीला आपल्याकडे तो शब्द लावत नाहीत. पण उत्क्रांतिवाद म्हणण्यातही काही चूक नाही. फक्त समासात ‘ति’ ऱ्हस्व लिहा. त्या व्याख्यानाच्या फलकावर ती दीर्घ असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.