प्लेटा कितीला विकल्या?

"मॅडम, हा परत स्वतःच्या पायावर कधी उभा राहणार?" मणक्याला मार लागून कमरेखालचं गेलेल्या माणसाला घेऊन घरचे माझ्याकडे समुपदेशनाला आले की पहिला प्रश्न हाच. आपल्या भाषेनेच घोटाळा करून ठेवलाय, कुणावर अवलंबून नसणं म्हणजे पायावर उभं राहणं, मग पाय हलेपर्यंत बाकीचं सगळं आयुष्य थांबवून ठेवतात.

गेल्या वर्षीची एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडंफार बदललंय. वय 36, सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅब ओतायला खालून प्लेटा-टेकू लावायची कामं घ्यायचा, स्लॅबवरून पडला. हात, छाती ठणठणीत. माझ्याकडे आला तेव्हा 14 महिने झाले होते आणि आई त्याला घास भरवत होती. हो, हात चांगले असताना! लघवीची नळी बायको घालायची, अंघोळ भाऊ घालायचा आणि नातेवाईक मुरलीकांत पेटकरांचे व्हिडिओ पाठवायचे. पेटकरांबद्दल मला प्रचंड आदर आहे, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण, पण ज्याला अजून कॉटवरून खुर्चीत सरकता येत नाही त्याला तो व्हिडिओ टोमण्यासारखा लागतो, पाठवू नका.

मी अख्खं घर समोर बसवून काम करते, एकट्या पेशंटचं मन उकलत बसणं मला पटत नाही. तिसऱ्या वेळी त्याला सहज विचारलं, "घरात तुमच्याशी शेवटचं कोण भांडलं?" बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "अपघातानंतर कुणी भांडलंच नाही माझ्याशी."

घरात ज्याच्याशी कुणीच भांडत नाही तो एकतर पाहुणा असतो नाहीतर भिंतीवरच्या फोटोतला. हे मला त्याच क्षणी सुचलं आणि पुढची सगळी केस मी त्यावरच चालवली.

बायकोला म्हटलं, यांच्यापासून लपवलेली एक गोष्ट आत्ता इथे सांगा. ती आधी सासूकडे बघत राहिली, मग खाली मान घालून म्हणाली, "सेंट्रिंगच्या प्लेटा विकल्या मी, फीसाठी." तो ताडकन ओरडला, "कुणाला विचारून?" तीही उसळली, "चौदा महिन्यात तुम्ही एकदा तरी विचारलंत का घर कसं चालतंय?" सासूबाई मधे पडायला लागल्या, "अगं त्याला ताण नको देऊ", मी त्यांचा हात धरून ठेवला. दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

"कितीला विकल्या?"

"अठरा हजार."

"येडी का तू, चाळीस आले असते!"

आणि ती हसली, रडता रडता. इतक्या वर्षांत मी असे क्षण फार थोडे पाहिलेत.

पुढच्या वेळी तो स्वतःच म्हणाला नळी मी घालायला शिकतो. मी हे प्रत्येकाला सांगते, बायको आणि नर्स ही दोन्ही कामं एकाच बाईकडे फार काळ ठेवू नका, नवराबायकोचं नातं त्यातच विरतं. हात चालत असतील तर साबणाने हात धुऊन दर चार ते सहा तासांनी स्वतः नळी घालता येते, हॉस्पिटलची सिस्टर शिकवते. संडासची वेळ रोज एकच ठेवायची, चहानाश्त्यानंतर अर्ध्या तासाने बरं पडतं. खुर्चीत दर पंधरावीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं आणि रोज आरशात मागची कातडी बघायची, कारण तिथे जखम झाली तरी कळत नाही आणि मग महिनोन्‌महिने पालथं झोपावं लागतं. शरीरसंबंधांचं लोक निघताना चपला घालता घालता विचारतात, तर त्यावर उपाय आहेत, मूलसुद्धा होऊ शकतं, युरॉलॉजिस्टला न लाजता विचारा.

दाराला दोन पायऱ्या होत्या, एक फूट उंची. मी सांगितलं एका फुटाला बारा फूट रॅम्प लागतो. तो म्हणाला, "मॅडम, ढाळ काढायचं मला शिकवू नका." खुर्चीत बसून त्याने तो स्वतः करून घेतला, गवंड्याला शिव्या घालत. उरलेले टेकू आता फोनवरून भाड्याने देतो, हिशोब त्याच्याकडे.

परवा बायकोचा फोन, "मॅडम, फार कटकट करतात हो आता, प्रत्येक खर्चाला का म्हणून विचारतात, एकदा घेऊन येऊ का?"

म्हटलं, या सावकाश, काही घाई नाही.